आठवर दाबलेले भजन

सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवाला काय द्यायचे, हा प्रश्न हेमराजने समुद्रपूरच्या आपल्या जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात बसून सोडवला आणि तिथेच सगळे बिनसले. घरी बसून विचार केला असता तर तो शाल-श्रीफळावर थांबला असता. पण ऑफिसच्या खिडकीतून प्रेस दिसत होती. खोलीभर रुई एका बाजूने आत जात होती आणि दुसऱ्या बाजूने पट्ट्यांनी आवळलेली, कपाटाएवढी गाठ बाहेर पडत होती. हे दृश्य वर्षानुवर्षे रोज पाहणाऱ्या माणसाला जगातली कोणतीही वस्तू दाबून लहान करता येते असे वाटू लागले, तर त्याला दोष देता येणार नाही.

सासरे लक्ष्मणराव वडनेरचे. शेती बऱ्यापैकी, पण गावात ओळख भजनी मंडळाचे बुवा म्हणून. दोन वर्षांपूर्वी दम्याने त्यांचे गाणे बंद केले. उरल्या त्या अकरा कॅसेट. देवळाच्या खांबाला माइक बांधून, स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर त्यांनीच भरलेल्या. त्यांच्याजवळ आपला आवाज एवढाच शिल्लक होता आणि तो ते कुणाच्या हाती देत नसत.

हेमराजच्या हाती तर नाहीच. त्याला कारण होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला मानाने पुढे बसवून मंडळाने भजन ठेवले. तबलजी हातोडीने तबला ठोकत होता, पेटीवाला एकच सूर धरून बसला होता, बुवा घसा साफ करत होते. असे बराच वेळ चालले. मग सगळे क्षणभर थांबले, आणि हेमराजने जोरात टाळ्या वाजवून "वा! लय मस्त झालं," म्हटले. भजन अजून सुरू व्हायचे होते. त्या दिवसापासून लक्ष्मणराव येईल-जाईल त्याला सांगत, "जवाई सोन्यासारखा हाय आमचा, पण कान नाई बाप्पा त्याले." बारा वर्षे हे ऐकून घेतलेल्या हेमराजला आता एकदाच, चारचौघांत, सासऱ्याच्या तोंडून शाबासकी हवी होती.

त्यासाठी त्याने नागपूरहून गळ्यात अडकवायचा एक एमपीथ्री प्लेअर आणला. आकार अंगठ्याएवढा. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गळ्यातल्या माळेशेजारी हा लटकवायचा, आणि त्यात त्यांचे आयुष्यभराचे गाणे. सपनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, माहेरी जाऊन गोडीगुलाबीने कॅसेट काढून आणल्या. "बाबानं हात जोडून देल्ल्या," ती म्हणाली. "सांभाळून करजा."

"त्यात काय सांभाळाचं," हेमराज म्हणाला आणि डबा घेऊन बसस्टँडजवळच्या अंकुशच्या दुकानात गेला.

अंकुश लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट बनवून देई आणि जुनी गाणी कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करून देई. त्याने कॅसेट मोजल्या.

"एकशे अठ्ठावीसवर घेतो, काका. मिनिटाले एक एमबी धरा. दोन सीडीत बसून जाईन समदं. आवाज एकदम खडखडीत."

"सीडी नको. याच्यात पाह्यजे." हेमराजने खिशातून प्लेअर काढला.

अंकुशने तो उलटसुलट करून पाहिला. "हे चौसष्ट एमबीचं हाय. याच्यात तासभर गाणं राह्यते."

"सोळा-साडेसोळा तास राह्यले पाह्यजे."

स्कूटरच्या डिक्कीत म्हैस बसवायला सांगितल्यासारखा अंकुशचा चेहरा झाला. "काका, कॅसेटीच तुमच्या साडेसोळा तासाच्या हायेत."

"म्हनूनच तं तुह्याकडे आलो. दाबता येते ना?"

"दाबता तं येते. चौसष्टवर घेतलं तं आवाज जरा बसते. बत्तीसवर घेतलं तं झांज चरचर करते. सोळावर घेतलं..."

"सगळ्यात खाली किती जाते?"

"आठ. पण आठवर कोनी गानं घेत नाई, काका."

"काऊन?"

अंकुशने समजावायचा प्रयत्न केला. हा आकडा म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती जागा द्यायची, त्याचा. "हे असं समजा का बाकडं हाय. एकशे अठ्ठावीसचं बाकडं देल्लं तं बुवा, तबला, पेटी, झांज समदे ऐसपैस बसते. आठचं देल्लं तं एकटा बुवा बसते, तोबी उकिडवा."

"बसते ना पन?"

"बसते."

"मंग झालं. अरे, आमी दिवसभर दुसरं काय करतो? गाठ जितकी घट्ट तितकं गाडीभाडं कमी. अन् मिलात पट्टी तोडली का कापूस फुलून येते, होता तसाच. एक धागा इकडचा तिकडं होत नाई. तू बिनधास्त आठवर दाब."

अंकुशच्या टेबलावर लग्नाच्या व्हिडिओंचा ढीग होता, आणि प्रत्येक नवरदेवाचा बाप दिवसातून एकदा दुकानात येऊन जात होता. गिऱ्हाइकाशी वाद घालायला त्याला सवड नव्हती. "तुमी म्हनसान तसं," तो म्हणाला.

काम झाले. साडेसोळा तासांचे भजन साठ एमबीत बसले, वर चार एमबी जागा उरली. ती फुकट जाते याची हेमराजला थोडी हळहळ वाटली. तरी अख्खा मंदिराचा सभामंडप आपण अंगठ्याएवढ्या डबीत घातला, या आनंदात तो ऑफिसात परतला. टेबलावर रिकाम्या झालेल्या अकरा कॅसेट होत्या.

रिकाम्या, असेच त्याला वाटले. कापूस गाठीत गेला की मागे उरते ते बारदान, आणि बारदान पडून ठेवायची जिनमध्ये पद्धत नसते. ते झटकून दुसऱ्या दिवशी कामाला लावतात. खरेदीचा हंगाम सुरू होत होता. तानबा आपल्या ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव जाहिरात करी, आणि त्याने आठवडाभर "साहेब, कॅसेटी पाह्यजे" म्हणून भुणभुण लावली होती. हेमराजने डबा त्याच्या हाती दिला.

"याच्यावर भरून घे. आपल्या जिनचं नाव, वजनकाटा बराबर, पैसे नगदी. अन् दोन-चार ऑटोवाल्यायलेबी देजो."

"जुनं काई हाय काय याच्यात?" तानबाने विचारले.

"होतं. काढून घेतलं."

अमृतमहोत्सवाच्या आदल्या आठवड्यात सपनाने प्लेअर मागितला. "ऐकू तं द्या, काय बनवलं ते." हेमराजने कौतुकाने तिच्या कानांत इअरफोनची बोंडे घातली आणि बटण दाबले. सपना ऐकू लागली. आधी तिच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी.

"बाबा कुठून गाऊन राह्यले?"

"देवळातून. जुनं हाय ते."

"विहिरीतून वाटते. अन् हे भजे कोन तळून राह्यलं?"

हेमराजने एक बोंड आपल्या कानात घातले. खोल कुठेतरी, पाण्याखालून, एक माणूस गात होता. तो लक्ष्मणराव असावा असा अंदाज करता येत होता. पेटी डासासारखी गुणगुणत होती, तबला ओल्या फडक्यावर थापटल्यासारखा वाजत होता, आणि झांजेच्या जागी खरोखरच कढई चढवल्यासारखी चुरचुर होती.

"गाठ खुलली नाई अजून," हेमराज ठामपणे म्हणाला.

"कायची गाठ?"

"दाबलेलं हाय ना ते. खोलाचं राह्यलं."

"मंग खोलून आना. अन् कॅसेटी घरी आना, मले मिळवून पाहाचं हाय."

कॅसेटचे नाव निघताच हेमराजला आठवले की चपला बाहेर राहिल्या आहेत. तो उठला आणि थेट अंकुशच्या दुकानात गेला.

"हे खोल," त्याने प्लेअर काउंटरवर ठेवला.

"काय खोलू?"

"दाबलेलं खोल. पहिल्यासारखं कर."

"ते खुलत नसते, काका."

"काऊन नसते खुलत? तूच दाबलं ना? त्या मशीनीत आकडा आठचा हाय, तो वर घे. सगळ्यात वर किती जाते?"

"तीनशे वीस."

"तीनशे वीसवर घे!"

अंकुशने एका कॅसेटची फाइल घेतली आणि मुकाट्याने आकडा वर केला. कॉम्प्युटर बराच वेळ घुरघुरला. साडेपाच एमबीची फाइल दोनशे सोळा एमबीची झाली. हेमराजने तो आकडा पडद्यावर पाहिला आणि त्याच्या जिवात जीव आला. चाळीसपट! कापूससुद्धा इतका फुलत नाही.

"पाह्यलं? फुकट घाबरवलं मले. लाव आता."

अंकुशने लावले. तोच माणूस, त्याच विहिरीतून, तीच भजी तळत गाऊ लागला.

"हे तं तसंच हाय!"

"तसंच राह्यते. आधी लहान टोपलीत उकिडवा बसलेला बुवा होता, आता गोदामात नेऊन ठेवला. गोदाम मोठं हाय. बुवा तेवढाच हाय."

"मंग बाकीचं कुठी गेलं?"

"फेकलं ना मशीनीनं. काका, हे तुमच्या गाठीसारखं दाबत नाई. आकडा कमी देल्ला का मशीन पाह्यते, मानसाच्या कानाले कायच्याबिगर चालते, अन् ते फेकून देते. अजून कमी देल्ला का अजून फेकते. आठवर तं जवळपास समदंच फेकलं. तबल्याची धार, पेटीची चमक, झांज तं पुरीच."

हेमराजने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "फेकलं म्हनजे कुठी फेकलं? कॉम्प्युटरमंदे कचऱ्याचा डबा असते. माह्या ऑफिसातल्याबी मशीनवर हाय. उघड तो."

"काका, त्याच्यात नसते ते."

"उघड म्हनतो ना!"

अंकुशने डबा उघडला. त्यात एका नवरीचे डोळे मिटलेले सतरा फोटो होते. झांज नव्हती. हेमराजने तरी चष्मा लावून पूर्ण यादी पाहिली.

मग तो स्टुलावर बसला आणि त्याच्या तोंडून जे निघाले, त्यावरून अंकुशला कळले की काकांना आता सगळे समजले आहे. "म्हनजे तू प्रेसिंग नाई केलं," हेमराज म्हणाला. "तू जिनिंग केलं. सरकी काढून टाकली."

"आता बराबर बोलले."

"अन् सरकी रुईत वापस टाकता येत नाई."

"नाई येत."

"तुह्याजवळ पहिले कॉम्प्युटरवर घेतलेलं असीन ना? न दाबलेलं?"

"ते मिनिटाले दहा एमबी खाते. तुमच्या सासऱ्यानं माही अर्धी हार्डडिस्क खाल्ली असती. झालं का लगेच पुसत गेलो मी." मग अंकुशने सहज, दिलासा द्यावा म्हणून विचारले, "पन टेन्शन काऊन घेता? कॅसेटी हायेत ना तुमच्याजवळ. आना, एकशे अठ्ठावीसवर घेऊन देतो."

हेमराज उठला आणि त्याने मोटरसायकलला किक मारली.

तानबाला शोधणे अवघड नव्हते. तो ज्या गावात असे ते गाव शेजारच्या दोन गावांना कळे. हेमराजने त्याला एका फाट्यावर गाठले. ऑटो उभा, भोंगा चालू, आणि तानबा बिडी ओढत स्वतःचाच आवाज ऐकत होता. "शेतकरी बंधूंनो! आपला पांढरा कापूस, आपला खरा काटा..."

"बंद कर! कॅसेटी दे समद्या."

"काय झालं, साहेब? आवाज बराबर नाई काय?"

"किती भरल्या?"

"अकराच्या अकरा," तानबा अभिमानाने म्हणाला. "बाकीच्या ऑटोवाल्यायलेबी देल्ल्या. लय बेकार मानसानं ठेवल्या होत्या, साहेब. मागचे प्लास्टिकचे तुकडे तोडून ठेवले होते, भरलंच जाऊ नाई म्हनून. मी चिकटपट्टी लावली एकेकीले."

"जाहिरात तं दोन मिनिटाची हाय. बाकीची पट्टी तं तशीच असीन ना, जुनी?"

"तशी कशी राहू देईन?" तानबा दुखावला. "जाहिरात संपली अन् मंदातून दुसरंच काई वाजलं तं तुमची इज्जत काय राह्यली? दोन्ही बाजू भरल्या. पुऱ्या. घसा बसला माहा."

हेमराजने फाट्यावरच्या उन्हात ऑटोत बसून हाताशी असलेल्या पाच कॅसेट पुढे-मागे करून पाहिल्या. तानबाच्या कामात खोट नव्हती. नव्वद मिनिटे, अथपासून इतिपर्यंत, शेतकरी बंधूंना हाक होती. एका कॅसेटच्या अगदी टोकाला तानबाचा आवाज संपल्यावर कुणीतरी "हरी" म्हटल्यासारखे वाटले. पुन्हा लावल्यावर तो तानबाच निघाला, खोकलेला.

घरी सांगणे भाग होते. सपनाने सगळे शांतपणे ऐकले, आणि तेच हेमराजला जड गेले.

"म्हनजे बाबाचा आवाज तुमी दोनदा पुसला," ती म्हणाली. "एकदा मशीनीनं, एकदा कापसानं."

"मले काय माईत होतं..."

"माईत नव्हतं तं पुसाचं होतं. अंकुश सांगून राह्यला होता ना? तुमी ऐकत नाई कोनाचं. बाबा म्हनते ते काई खोटं नाई."

कार्यक्रम पुढे ढकलता येत नव्हता, कारण वाढदिवस ढकलता येत नाही. दुसरी भेट नेता येत नव्हती, कारण लक्ष्मणरावांनी अख्ख्या वडनेरला सांगून ठेवले होते की जावई माझे समदे भजन एका डबीत घालून आणून राह्यला. वऱ्हाडाएवढी माणसे ते ऐकायला येणार होती.

आली. घरापुढे मांडव, एका कडेला लाउडस्पीकर, पुढच्या सतरंजीवर सगळे भजनी मंडळ. लक्ष्मणरावांच्या डाव्या हाताला प्रभाकरराव बसले होते. मंडळात झांज त्यांची, आणि बसायची जागाही ठरलेली, बुवांच्या डाव्या कानाशी. औक्षण झाले, शाल झाली, दोन भाषणे झाली. मग सासूबाई, मनकर्णाबाई, म्हणाल्या, "आता जवाईबापूची डबी लावा."

हेमराजने तार लावली. सपना बायकांत बसली होती, तिने पदराने तोंड पुसायचे निमित्त करून डोळे झाकले. भोंग्यातून आधी कढई तापल्याचा आवाज आला, आणि मग पाण्याच्या तळातून बुवा वर येऊ लागले.

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मागून कुणीतरी "वायर हलवून पाहा" म्हणाले. पेटीवाल्याने मान वाकडी करून ऐकले आणि सरळ केली. प्रभाकरराव तर पुढे झुकून भोंग्यात तोंड घालायच्या बेतात होते. हेमराजने जमिनीकडे पाहत मनातल्या मनात माफीचे पहिले वाक्य जुळवले.

"थांबा," लक्ष्मणराव म्हणाले आणि हात वर केला.

त्यांचे डोळे मिटलेले होते. बोटे मांडीवर ठेका धरत होती. भजन संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, तर ते भरलेले.

"किती वर्सं गायलो," ते म्हणाले. "माहा मले आवाज आज पहिल्यांदा ऐकू आला. शबद अन् शबद. मंदात कायची खरखर नाई, गोंधळ नाई. कॅसेट लावली का निसता खडखडाट ऐकू येत होता मले. एवढी सफाई कोन करते बाप्पा? जवाईबापू, इकडं या." आणि भरल्या मांडवात, हेमराजच्या पाठीवर हात ठेवून, ते म्हणाले, "मी चुकलो होतो. याले कान हाय."

बारा वर्षे वाट पाहिलेले वाक्य हेमराजच्या कानावर पडले, आणि त्याला घाम फुटला.

"कान हाय ते ठीक हाय," प्रभाकरराव म्हणाले. "माही झांज कुठी हाय?"

"नाईच ना!" लक्ष्मणराव खुशीत म्हणाले. "तेच तं सांगून राह्यलो."

"नाई म्हनजे? त्या रात्री मी काय घरी झोपलो होतो?"

"तू होता ना. माह्या कानाशी बसून अशी बडवत होता का डाव्या कानानं मले धड ऐकू येईना झालं. गानं माहं अन् गावाले आयकू जाये तुही झांज. आज देवानं न्याय केला."

"देवानं नाई, तुह्या जवायानं केला! हेमराज, कॅसेटी आन. कॅसेटीत हाय माही झांज. समद्यायले ऐकव."

सगळ्यांनी हेमराजकडे पाहिले. खोटे बोलायचे तर ही वेळ होती, पण खोटे जुळवायला डोके जागेवर लागते. "कॅसेटीत नाई आता," तो म्हणाला. "कॅसेटीवर आपल्या जिनची जाहिरात भरली. चुकून. पुऱ्या अकरा."

मनकर्णाबाईंच्या हातातले ताट कलले. सपनाने पदर खाली घेतलाच नाही.

"म्हनजे आता दुनियेत हेच राह्यलं?" त्यांनी प्लेअरकडे बोट केले. "याच्यात जे हाय ते?"

"हो, मामाजी."

"ज्याच्यात मीच हाय?"

"हो."

लक्ष्मणरावांनी प्लेअर उचलून गळ्यात घातला. "बरं झालं," ते म्हणाले.

प्रभाकरराव उठले, चपला घातल्या आणि न जेवता गेले. वडनेरमध्ये एखादा माणूस मांडवातून न जेवता गेला की त्याची चर्चा वाढदिवसापेक्षा जास्त दिवस टिकते. ती टिकली.

पुढच्या आठवड्यात प्रभाकरराव हेमराजच्या ऑफिसात हजर झाले. हातात पिशवी, पिशवीत कॅसेट. हेमराज खुर्चीतून अर्धा उठला.

"बस," ते म्हणाले. "लक्ष्मणराव एकटाच कॅसेटी भरत होता काय? माह्या पोरानंबी भरल्या हायेत, माह्याच बाजूले टेप ठेवून. हेच भजन हायेत. नीट करून आन. काई फेकाचं नाई."

हेमराजने पिशवी अशी धरली, जशी एखाद्याने दवाखान्यात तान्हे मूल धरावे. त्याच दिवशी सासऱ्यांचा फोन आला. बातमी पोचली होती. "प्रभाकरनं कॅसेटी देल्ल्या म्हनते. त्याच्याबी तशाच साफ करजा, जवाईबापू. तुमच्याबिगर ते कोनाले जमत नाई."

हेमराजने अंकुशसमोर पिशवी ठेवली. "एकशे अठ्ठावीसवर घे. अन् एक आठवरबी घे."

"आठवर? आता काऊन?"

"मामाजीले आवडते."

अंकुशने या धंद्यात बरेच पाहिले होते. त्याने पुढे विचारले नाही.

सीडी आल्यावर हेमराजने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती लावली आणि दार ओढून घेतले. पहिल्यांदा त्याला खरे भजन ऐकू आले. देऊळ किती उंच आहे हेसुद्धा ऐकू येत होते. तबल्याची शाई, पेटीचा भाता, मागे कुणाचे तरी खोकणे, आणि बुवांचा आवाज, भरलेला, मोकळा. झांज जोरात होती हे खरे. पण ती सारखी जोरात नव्हती. हेमराज पुन्हा मागे गेला आणि तीच जागा ऐकली. मग दुसरे भजन लावले. मग तिसरे.

दिवसभर जिनच्या खडखडाटात बसून, कोणत्या मशीनचा पट्टा सरकला हे खुर्चीतून न उठता सांगणारा तो माणूस होता. इथेही पट्टा सरकत होता. अंतरा आला की बुवा रंगात येत आणि तालाच्या पुढे पळत. तबला मागे राही. आणि नेमक्या त्या क्षणी झांज खणकन पडे, एकदा, दोनदा, आणि बुवांना कॉलर धरून जागेवर आणे. ते आले की झांज परत हलकी. प्रत्येक भजनात, प्रत्येक अंतऱ्याला. आठवरच्या डबीत झांज नव्हती आणि तबलाही विरघळला होता. म्हणून तिथे बुवा कशाच्या पुढे पळत आहेत हे कळायला काही मार्गच उरला नव्हता.

प्रभाकरराव सीडी न्यायला आले तेव्हा हेमराजने चहा मागवला आणि बराच वेळ कपाकडे पाहिले.

"मामाजी अंतऱ्याले पुढं पयते," तो शेवटी म्हणाला.

प्रभाकररावांचा कप अर्ध्यावर थांबला. "कोनी सांगतलं तुले?"

"कोनी नाई. ऐकू आलं. अन् तुमी त्यायले वापस आनता."

प्रभाकरराव उठून दाराशी गेले, बाहेर कुणी नाही हे पाहून परत येऊन बसले. "चाळीस वर्सं झाली," ते हळू म्हणाले. "पेटीवाल्याले समजलं नाई, तबल्यावाल्याले वाट्टे का तोच चुकते. लोकायनं मले शिव्या देल्ल्या, बडवते म्हनून. तुलेच समजलं." त्यांनी हेमराजला पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुले कान हाय बाप्पा. खराखुरा कान हाय."

हेमराज खुर्चीत ताठ झाला. "हेच एकदा मामाजीसमोर म्हना ना."

"काय म्हनू? अन् कशावरून म्हनू? त्यानं पुसलं, कायच्यावरून म्हनतं कान हाय, तं काय ऐकवू त्याले? ही सीडी?"

बाहेर प्रेसमधून आणखी एक गाठ पडली.

"मंग तुमी त्यायले कधीच काऊन नाई सांगतलं?" त्याने विचारले.

"सांगतलं असतं तं गायला असता काय तो?" प्रभाकररावांनी चहा संपवला, सीडी सदऱ्याच्या आत सरकवली आणि उठले. "त्याले तुही ती आठवालीच देजो."

"अन् पुसलं त्यायनं, का प्रभाकरची झांज काऊन नाई याच्यातबी, तं काय सांगू?"

"सांगजो, वाजवताच येत नव्हती त्याले," प्रभाकरराव म्हणाले आणि बसच्या वेळेला निघाले.